डोक्याला मार लागल्यापासून बाबांचा तोल जातो, डोळ्यांच्या व्यायामाने खरंच फरक पडतो का?

साकवावरून
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. बाबा ६१ वर्षांचे, गोव्यात सावईवेऱ्याला आमचं छोटं कुळागर आहे, माड-पोफळीची बाग. चार महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडले, हेल्मेट होतं पण पट्टा लावलेला नव्हता, त्यामुळे ते आधी उडालं आणि मग डोकं आपटलं. १०८ ने नेलं, मेंदूत थोडा रक्तस्राव होता, ऑपरेशन लागलं नाही, नऊ दिवसांनी घरी आणलं. नंतरचा सीटी स्वच्छ आला. बोलणं, आठवण, हातपाय सगळं ठीक. पण चालताना तोल जातो. चढताना काही नाही, घराच्या मागच्या पायऱ्या उतरून कुळागरात जायचं म्हटलं की पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही म्हणतात. पाण्याच्या पाटावर आमचा माडाच्या खोडांचा साकव, म्हणजे छोटा पूल आहे, त्यावरून हा माणूस पन्नास वर्षं डोक्यावर भारा घेऊन गेलाय, आता बसून सरकत सरकत जातो. बघवत नाही. वर पोफळीकडे बघितलं की गरगरतं ते वेगळंच. मान पण जरा उजवीकडे कलती ठेवतात, आम्ही म्हटलं झोपताना आखडली असेल.

डोळे तपासले, चष्मा लावून ६/६. म्हणजे डोळे उत्तम असं सांगितलं. आता एका ओळखीच्यांनी डोळ्यांची थेरपी करणाऱ्या एका ठिकाणचं नाव सुचवलं, तिथे फोन केला तर न बघताच ४० सिटिंगचं पॅकेज आणि ३५ हजार. तोल जातो म्हणून डोळ्यांचे व्यायाम हे मला बैलाला दुखतंय म्हणून गाडीला तेल घालण्यासारखं वाटतंय. कोणी केलंय का?

बाय_माशेलची
दृष्ट काढली का? डोळ्यांचीच थेरपी ती पण, तीन मिरच्यांत होते 😀
(मस्करी केली, राग नको. बाबांना लवकर बरं वाटू दे.)

हाडवैरी
मी फिजिओ. तोल म्हणजे एकट्या पायांचं काम नाही हो. तीन ठिकाणांहून बातमी येते, डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे, आणि मेंदू तिन्हीचा मेळ घालतो. डोक्याला मार बसला की यातलं एखादं खोटं बोलायला लागतं किंवा मेळ घालणाराच गोंधळतो. घरी एक करून बघा, बाबांना दोन्ही पाय जुळवून उभे करा, तुम्ही अगदी जवळ उभे रहा, आधी डोळे उघडे मग मिटून. मग तेच जाड उशीवर. उशीवर डोळे मिटले की पाय आणि डोळे दोन्ही बाद, उरला फक्त कान. तिथेच पडायला लागले तर कानाकडे बघायला हवं. पण तुमच्या वर्णनात "उतरताना" हा शब्द मला टोचतोय. कानाचा माणूस चढताना-उतरताना दोन्हीकडे भितो.

शंकासुर
आलो. नावाप्रमाणे शंका काढतो.
व्हिजन थेरपी या एका नावाखाली जगात दहा वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यातल्या एकीचा पुरावा चांगला आहे, जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडे नीट वळत नाहीत त्याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात, त्यावर २००८ साली अमेरिकेत २२१ मुलांवर ट्रायल झाली, १२ आठवडे. क्लिनिकमध्ये बसून थेरपी केलेल्यांपैकी साधारण ७३ टक्क्यांना फायदा, घरी नुसतं पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ४३, आणि खोटी थेरपी दिलेल्यांपैकीही ३५. ती मुलं ९ ते १७ वर्षांची होती, डोक्याला मार लागलेली नव्हती, आणि मोजमाप डोळ्यांचं होतं, तोलाचं नव्हे. हा आकडा दाखवून ६१ वर्षांच्या माणसाला साकवावर चालवण्याचं पॅकेज विकणं म्हणजे म्हशीचं दूध दाखवून नारळ विकणं. न तपासता ४० सिटिंग सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

नुस्तेंप्रेमी
खोट्या थेरपीने ३५ टक्के?? मग माशेलच्या बायच्या मिरच्या कशाला वाईट

बाय_माशेलची
@नुस्तेंप्रेमी तेच तर. आणि ३५ हजार पण नाहीत.

तिसवाडीचा_तो
शंकासुराशी निम्मं सहमत, निम्मं नाही, कारण मी ती थेरपी केलीय. फुटबॉल खेळताना गोलपोस्टवर डोकं आपटलं, बेशुद्ध वगैरे काही नाही, कन्कशन म्हणाले, म्हणजे मेंदूला हादरा. महिन्याभराने ऑफिसला गेलो तर स्क्रीनवरची ओळ दुसऱ्या ओळीवर चढायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुपरमार्केट. दोन्ही बाजूंना रॅक, मध्ये मी ट्रॉली घेऊन, असं वाटायचं जमीन हलतेय. चोडणच्या फेरीबोटीत पाण्याकडे बघितलं की रेलिंग घट्ट धरायचो, जन्मापासून ती फेरी करतोय तरी. बायको म्हणायची टेन्शन आहे. मला पण तेच वाटायला लागलं होतं.

शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नजर तपासणाऱ्याने, पट्टी घेतली आणि पेनाचं टोक नाकाकडे आणत आणलं, साधारण वीतभर लांब असतानाच माझं एक पेन दोन झालं. नाकाच्या अगदी जवळ येईपर्यंत एकच दिसायला हवं म्हणे. मग दोरा आणि तीन मण्यांचा व्यायाम, ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात, दोऱ्याचं एक टोक नाकाला धरायचं, दुसरं दाराच्या कडीला, ज्या मण्याकडे बघाल तिथे दोन दोरे एकमेकांना छेदून फुली दिसली तर दोन्ही डोळे कामावर आहेत, एकच दोरा दिसला तर एकजण दांडी मारतोय. मणी मी जत्रेतल्या माळेचे वापरले. तीन महिन्यांत वाचन सुधारलं, रॅकमधली भीती गेली. थेरपीने की वेळेने, शप्पथ सांगता येणार नाही. पण "डोळे ६/६ म्हणजे उत्तम" हे ऐकलं की मला हसू येतं. ६/६ म्हणजे एकेक डोळा लांबची अक्षरं वाचतो एवढंच. दोघं भाऊ वेगवेगळे हुशार असले म्हणून एकत्र धंदा चालेलच असं थोडंच आहे.

शंकासुर
@तिसवाडीचा_तो प्रामाणिक उत्तर. कन्कशनच्या बऱ्याच तक्रारी काही आठवडे-महिन्यांत आपोआप ओसरतात, म्हणूनच तुलनेला दुसरा गट लागतो. पण तुमचं निदान आधी झालं मग व्यायाम, हा क्रम मला मान्य.

मामी_डिचोली
थेरपीचं मला कळत नाही, पण एक सांगते. माझे दीर बागेत पडले, त्या दिवशी काही नाही, चहा पिऊन हसत घरी आले. तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, दुपारी झोप झोप, चालताना एका बाजूला झुकायचे. आम्हाला वाटलं वय झालं. मेंदूवर हळूहळू रक्त साचलेलं निघालं, ते काढलं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती त्यांची. तुमच्या बाबांना डोकेदुखी वाढत असेल, उलटी, गुंगी, बोलण्यात फरक असं काही वाटलं तर थेरपीबिरपी बाजूला ठेवा आणि आधी हॉस्पिटल गाठा रे बाबा.

साकवावरून
मामी, धन्यवाद, सीटी दोन महिन्यांनी परत काढला होता, स्वच्छ आहे. ती गोळी पण नाही. डोकेदुखी नाही.
@हाडवैरी उशीचा प्रयोग केला, आई एका बाजूला मी एका बाजूला. डोळे मिटून उशीवर जरा डोलले पण पडले नाहीत. उलट बाबा म्हणाले "डोळे मिटले की बरं वाटतं". हे कसं काय?

दृष्टिकोन
हे वाक्य वाचून खास लॉगिन केलं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मडगावकडे. डोळे मिटल्यावर बरं वाटतं + उतरताना त्रास + मान कलती + डोक्याला मार. घरी तीन गोष्टी करून बघा आणि इथे सांगा.

१. बाबांना सरळ विचारा, दोन दिसतं का. नाही म्हणतील, माणसं "दोन" म्हणत नाहीत, "धूसर" किंवा "सावली" म्हणतात. पायरीच्या कडेकडे बघायला सांगा आणि विचारा कड एक आहे की एकावर एक दोन.
२. मग एक डोळा हाताने झाकून तेच. झाकल्यावर एक झाली तर दोन डोळ्यांचं जमत नाहीय. एक डोळा झाकूनही दोनच राहिली तर कारण वेगळं.
३. लग्नाचा किंवा जुना फोटो काढा. मान तेव्हाही कलती होती का?

कदंबा_पास
लग्नाच्या फोटोत सगळ्याच नवऱ्यांची मान कलती असते

नुस्तेंप्रेमी
@कदंबा_पास आणि नंतर खाली

रगाडो
विषय निघालाच आहे म्हणून, ज्यांच्या घरी कोणी प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतं आणि पायऱ्यांवर अडखळतं त्यांनी आधी चष्मा बघा. खालचा भाग वाचायचा असतो, त्यातून पायरी बघितली की धुरकट. माझ्या आईला सगळे म्हणत होते गुडघे गेले. मंगेशीच्या देवळाच्या आवारात उतरताना प्रत्येक वेळी पोराचा हात. चालायला वेगळा साधा लांबचा चष्मा केला, प्रश्न मिटला. थेरपी शून्य.

हाडवैरी
@रगाडो हे अगदी खरं, निम्म्या म्हाताऱ्यांचं हे एकच औषध.
बाकी शंकासुरांसाठी, डोळ्यांचे व्यायाम हे काही कालचं फॅड नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न नावाचे कानाचे सर्जन आणि कुक्सी नावाचे डॉक्टर यांनी डोक्याला मार लागून चक्कर येणाऱ्यांसाठी व्यायामांचा संच बांधला. त्याची सुरुवातच पलंगावर पडून डोळे वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, बोट लांबून जवळ आणायचं आणि त्यावर नजर ठेवायची अशी आहे. मग मान, मग बसून, मग उभं, मग चेंडू. आम्ही आजही तेच करतो, थोडं सुधारून. अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवून मान हलवायची, नख स्पष्ट दिसलं पाहिजे, हळूहळू वेग वाढवायचा. मान फिरते तेव्हा डोळे बरोबर उलट दिशेला फिरून चित्र स्थिर ठेवतात, ते काम कान सांगतो आणि डोळा करतो. मग ही डोळ्यांची थेरपी म्हणायची की कानाची? नावावरून भांडू नका. थोडी चक्कर येणं अपेक्षित आहे, त्यातूनच मेंदू शिकतो. आणि म्हणूनच चक्कर दाबायच्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवल्या तर मेंदूची शिकवणी बंद पडते, डॉक्टरांना विचारून कमी करा, मनाने नको.

शंकासुर
कॉथॉर्न-कुक्सीला विरोध नाही. त्याला ३५ हजार पडत नाहीत.

बाय_माशेलची
आम्ही फुगडी घालायचो चवथीत, आठ दिवस, ते पण तसलंच की. गरगर फिरून सरळ उभं राहायचं आणि वर झिम्मा. माझ्या आजीला ऐंशीव्या वर्षी चक्कर माहीत नव्हती.

तिसवाडीचा_तो
@बाय_माशेलची फुगडीत दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघता ना? नजर एका जागी रोवलेली, भोवतालचं सगळं फिरतंय. थेरपिस्ट मला हेच करायला लावायचा, फक्त समोर आजी नव्हती, भिंतीवर चिकटवलेलं अक्षर होतं.

बाय_माशेलची
बघा, आणि तुम्ही मिरच्यांना हसत होता.

गावडोंगरी
पोफळीकडे वर बघितल्यावर गरगरतं त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही? मला हेच झालं होतं. गणपतीवरची माटोळी बांधत होतो, त्यात कवंडळाचं फळ टांगायला मान वर केली आणि जग फिरलं, शिडीवरून उतरवला चौघांनी. कुशीवर वळलं तरी फिरायचं, अर्धा मिनिट, मग बंद. आतल्या कानात चुन्याचे बारीक बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटून अर्धगोल नळीत जातात. डोक्याला मार लागला की सुटतात. कानाच्या डॉक्टरने मला टेबलावर झटकन आडवा केला, डोकं खाली लोंबतं, डोळ्यांकडे बघितलं, माझे डोळे आपोआप उडत होते म्हणे, मग डोकं या कुशीवर त्या कुशीवर वळवून बसवला. एप्ली म्हणतात. दोनदा केलं, संपलं. ह्यावर डोळ्यांच्या व्यायामाचं पॅकेज घेतलं असतं तर खडे तिथेच.

कदंबा_पास
चुना लावणारे बाहेर असतात माहीत होतं, आत पण असतो हे आज कळलं

साकवावरून
मंडळी, आज आईने लग्नाचा फोटो काढला. मान सरळ. एकदम ताठ, छाती काढून. आणि पायरीची कड, आधी म्हणाले एकच आहे, मग मी म्हटलं नीट बघा, तर म्हणाले "कडेच्या वर अजून एक कड आहे, पण ती खोटी आहे हे मला माहीत आहे." एक डोळा झाकला तर गेली! चार महिने हा माणूस दोन कडा बघतोय आणि कोणाला बोलला नाही. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणतात कोणी विचारलंच नाही. आई रडली.

दृष्टिकोन
मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी चौथी, जी डोळ्याकडे येते, तिच्यावर संशय घ्यायला जागा आहे. तपासल्याशिवाय नाव लावू नका, मी फोनवर निदान करणाऱ्यातली नाही. ही नस मेंदूच्या देठाच्या मागून निघते आणि लांबचा वळसा घालून पुढे येते, म्हणून डोकं हिसडलं की तिला इजा व्हायचा धोका जास्त. ती ज्या स्नायूला चालवते तो डोळा खाली बघायला मदत करतो, खास करून नाकाच्या बाजूला. म्हणून वाचताना आणि पायऱ्या उतरताना गोची, वर चढताना फारशी नाही. आणि माणूस नकळत मान दुसऱ्या बाजूला कलती करतो कारण तशी केली की दोन चित्रं जुळतात. मान सरळ करायला त्यांना सांगू नका, मसाज तर नकोच, ती मान त्यांचा इलाज आहे.

फोटो मागितला कारण काहींना हा दोष जन्मापासून असतो आणि मार लागल्यावर उघडा पडतो. त्यांच्या जुन्या फोटोत मान कलती सापडते.

आता थेरपीबद्दल, मी स्वतः करते तरी सांगते. अधू झालेली नस व्यायामाने बरी होत नाही. काही जणांची सहा महिने-वर्षभरात आपली आपण सुधारते, तोवर चष्म्यात प्रिझम देतात, म्हणजे चित्र सरकवून दोन्ही जुळवणारी काच. न सुधारल्यास ऑपरेशनचा विचार. न्यूरो बघणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि गावडोंगरी म्हणतात तसं कानाचं पण बघून घ्या, मार एकच असला तरी दोन गोष्टी बिघडू शकतात.

शंकासुर
@दृष्टिकोन स्वतःचा धंदा नको म्हणून सांगणारी व्यक्ती या साईटवर प्रथमच पाहिली. टोपी काढतो. (हेल्मेट. पट्ट्यासकट.)

पाडेली
हेल्मेटवरून आठवलं, फोंड्यात पोलीस दिसला की डोक्यावर, वळणावरून पुढे गेला की कोपरावर. कोपराचा मेंदू वाचवतात आमचे लोक

कदंबा_पास
आणि पट्टा लावणारा माणूस मी गोव्यात एकच बघितलाय, टुरिस्ट होता, आणि तो पण फोटो काढत होता

फातर्पेकरीण
थोडं अवांतर पण उपयोगी पडेल. माझ्या मामांना स्ट्रोकनंतर दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू दिसेनाशी झाली. सहा महिने ते गेटच्या डाव्या खांबावर आपटत होते आणि आम्ही त्यांचे पाय मालिश करत होतो! त्यांना शिकवलं ते एवढंच, की पाऊल टाकायच्या आधी मान मुद्दाम डावीकडे नेऊन बघून घ्यायचं, सवय होईपर्यंत. घालवलेली बाजू परत आली नाही पण जत्रेत एकटे जायला लागले. ही पण डोळ्यांचीच थेरपी ना? मशीन नाही, पॅकेज नाही, मामी मागून "दावें, दावें" ओरडायची.

हाडवैरी
@फातर्पेकरीण मामीला माझ्याकडे नोकरी.

साकवावरून
पाच आठवड्यांनी परत येतोय, ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं त्या सगळ्यांना एकत्र उत्तर.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. डाव्या डोळ्याची चौथी नस, दृष्टिकोन ताईंचा अंदाज बरोबर. डॉक्टरांनी मान एकदा या खांद्याकडे एकदा त्या खांद्याकडे झुकवून, एकेक डोळा झाकत उघडत बराच वेळ बघितलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी दोन्ही डोळे एकत्र तपासले. चष्म्याच्या एका काचेवर प्रिझमचा स्टिकर लावून दिलाय, पारदर्शक, बारीक रेघारेघांचा. बाबांची तक्रार आहे की त्या काचेतून सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं आणि दिव्याला दाढी येते. पण पायरीची कड एक झाली. अगदी खाली, पायाजवळ बघितलं तर अजून फुटते, म्हणून हनुवटी छातीला लावून उतरतात. चष्मा पण साधा लांबचा, प्रोग्रेसिव्ह काढला, रगाडो धन्यवाद.

कानात खडे पण निघाले. आडवं केल्यावर बाबा ओरडले आणि डॉक्टर खूश झाले, सापडलं म्हणून. एकदा एप्ली, आठवड्याने परत एकदा. आता पोफळीकडे बघून कुठला घड तयार झालाय ते सांगतात.

व्यायाम चालू आहेत, हाडवैरींनी सांगितलेले, एका फिजिओच्या देखरेखीखाली, अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, सकाळ संध्याकाळ. चार महिने मान घट्ट धरून चालायची सवय लागली होती ती मोडायला म्हणून. आठवड्यातून एकदा जायचं, बाकी घरी. नस सुधारतेय का ते दोन महिन्यांनी परत मोजणार. पॅकेजवाल्यांचा फोन अजून येतो, आता ३० हजारावर आलेत.

शंकासुर
थांबा, चवथीपर्यंत १५ होईल.

बाय_माशेलची
साकवाचं काय झालं ते सांगितलंच नाही

साकवावरून
@बाय_माशेलची उभे राहून जातात, पण मी पुढे चालायचं आणि माझ्या खांद्यावर हात. पावसात नाही. पाटाचं पाणी हलताना दिसलं की अजून थबकतात.

तिसवाडीचा_तो
पाण्याकडे नको, पलीकडच्या एखाद्या माडाच्या बुंध्याकडे बघत जायला सांगा. मी फेरीत तेच करायचो, समोरच्या धक्क्यावरचा खांब धरून ठेवायचो नजरेने.

पाडेली
आणि दोन्ही बाजूंनी बांबू बांध रे, नजरेने धरून किती धरणार

साकवावरून
@पाडेली कालच बांधले. बाबांनी चष्मा नाकावर सरकवून तपासले आणि म्हणाले डावीकडचा सैल आहे.